शोध वस्तूचा, कीं माणसाचा?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या वक्तृत्वसभेंत एक वादविवाद झाला. विषय विद्यार्थ्यांनींच निवडलेला होता: ‘विमानतळावर उतारूंची जी कसून झडती होते, ती योग्य कीं अयोग्य?’ अध्यक्षस्थान आमच्याकडे होतें. उभय पक्षांनीं तयारी चांगली केली होती. परंतु दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें शेवटीं उभें राहून जें एकच वाक्य उच्चारलें, त्यानें सभा जिंकली. तो म्हणाला, “ज्याच्यापाशीं लपविण्यासारखें कांहीं नाहीं, त्यानें झडतीला भ्यावें कशाला?” टाळ्यांचा कडकडाट झाला. विरुद्ध पक्षाच्या मुलींना उत्तर सुचेना, आणि खरें सांगावयाचें तर अध्यक्षांनाही त्या वेळीं तें सुचलें नाहीं. घंटा झाली व सभा विसर्जन पावली. तें राहून गेलेलें उत्तर येथें देण्याचा आमचा विचार आहे. हा अंक पालकांच्याही हातीं जातो, आणि हल्लीं आमच्या शाळेंतील पुष्कळ कुटुंबें सुटींत विमानानें प्रवास करूं लागलीं आहेत. तेव्हां हा प्रश्न केवळ वक्तृत्वसभेपुरता राहिलेला नाहीं.

आरंभींच एक गोष्ट मोकळ्या मनानें कबूल केली पाहिजे. विमानांत चढणाऱ्या प्रत्येक माणसाची तपासणी व्हावी, हें आम्हांस मान्य आहे. आगगाडी थांबवितां येते, मोटारींतून उतरतां येतें. परंतु तीस हजार फूट उंचीवर एकाद्यानें दुष्टपणा आरंभिला, तर शेजाऱ्यास ना पळतां येत, ना कोणास मदतीला बोलावितां येत. जेथें एकाच्या हातीं शेंकडों जिवांची दोरी असते, तेथें त्या हातांत काय आहे हें विचारण्याचा इतरांस हक्क आहे. हा हक्क कोणा सरकारनें लहर म्हणून उत्पन्न केलेला नाहीं. तो अनुभवानें शिकविला, आणि त्या अनुभवाची किंमत फार मोठी पडली.

विमानांच्या आरंभींच्या काळांत उतारूस कोणी हटकीत नसे. तिकीट दाखवावें व शिडी चढावी, इतकें तें सोपें होतें. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत विमानें पळविण्याची जणूं साथच आली; तेव्हां त्या देशानें ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक उतारूची व त्याच्या हातांतील सामानाची तपासणी सक्तीची केली. पुढील वर्षीं, मार्च १९७४ मध्यें, आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनें सर्व सभासद राष्ट्रांसाठीं या बाबतींतील नियमांचें परिशिष्ट मंजूर केलें. आपल्या देशास तर धडा त्यापूर्वींच मिळाला होता. ३० जानेवारी १९७१ रोजीं श्रीनगरहून जम्मूस निघालेलें ‘गंगा’ नांवाचें विमान दोघा तरुणांनीं लाहोरास पळवून नेलें. त्यांच्यापाशीं असलेलें पिस्तूल खेळण्यांतलें होतें व हातबॉम्ब लांकडाचा होता, हें मागाहून उघड झालें. निघतांना कोणी झडती घेतली असती, तर तें विमान जम्मूस सुखरूप पोंचलें असतें.

याहून दारुण धडा १९८५ सालचा. त्या वर्षीं २३ जून रोजीं एअर इंडियाचें ‘कनिष्क’ विमान कॅनडाहून लंडन, दिल्ली व मुंबई या मार्गानें येत असतां आयर्लंडनजीक समुद्रावर फुटलें आणि आंतील सर्वच्या सर्व ३२९ माणसें प्राणांस मुकलीं. बॉम्ब एका पेटींत होता. ती पेटी व्हँकूवर येथें एका इसमानें विमान कंपनीच्या स्वाधीन केली; ती एका विमानांतून उतरून दुसऱ्यांत चढली; परंतु तो इसम मात्र कोणत्याच विमानांत चढला नाहीं. पेटी आली आणि तिचा धनी आला नाहीं, एवढें कोणी ताडून पाहिलें असतें तर तीं ३२९ माणसें आपापल्या घरीं पोंचलीं असतीं. आज सामान चढलें व उतारू आला नाहीं, असें झालें म्हणजे तें सामान शोधून खालीं उतरवितात व त्यासाठीं सारें विमान खोळंबतें. त्या वेळीं कुरकुर करणाऱ्यांनीं ‘कनिष्क’ आठवावें.

पुढें २४ डिसेंबर १९९९ रोजीं काठमांडूहून दिल्लीस येणारें इंडियन एअरलाइन्सचें विमान पांच सशस्त्र इसमांनीं पळविलें व तें कंदाहारला नेलें. एका उतारूचा प्राण गेला, आणि इतरांच्या सुटकेसाठीं सरकारला तीन दहशतवादी कैदी सोडून द्यावे लागले. त्यानंतर आपल्या विमानतळांची राखण टप्प्याटप्प्यानें केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोंपविण्यांत आली. फेब्रुवारी २००० मध्यें जयपूरपासून तिचा आरंभ झाला.

हा इतिहास आम्हीं दोन कारणांसाठीं सांगितला. झडती हा कोणाचा छंद नाहीं, हें मुलांच्या ध्यानांत यावें, हें पहिलें कारण. दुसरें अधिक महत्त्वाचें आहे. वरील तिन्ही प्रसंगीं काय पाहावयाचें राहून गेलें होतें, तें वाचकांनीं पुनः एकदां पाहावें. एका ठिकाणीं खोटें पिस्तूल, दुसऱ्या ठिकाणीं धन्यावांचून आलेली पेटी, तिसऱ्या ठिकाणीं खरीं शस्त्रें. म्हणजे शोध हवा होता तो वस्तूचा. उतारूचें शरीर कसें आहे, त्यास कोणता आजार आहे, तो कोणत्या देवाला भजतो, हें सारें कळलें असतें तरी त्या विमानांचा बचाव झाला नसता. ही साधी गोष्ट पुढील काळांत जगाच्या नजरेआड झाली.

११ सप्टेंबर २००१ रोजीं एकोणीस जणांनीं अमेरिकेंतील चार विमानें ताब्यांत घेऊन तीन हजारांच्या जवळपास माणसें मारलीं. दुधानें तोंड पोळलें म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो. त्याच वर्षीं डिसेंबरांत एकानें बुटांत स्फोटक दडवून पॅरिसहून मायामीस जाणाऱ्या विमानांत तें पेटविण्याचा यत्न केला. पुढें अमेरिकेंत सर्वांनाच बूट काढावे लागूं लागले, आणि तो नियम उठण्यास जुलै २०२५ उजाडला. ऑगस्ट २००६ मध्यें द्रवरूप स्फोटकें बाटल्यांतून नेण्याचा कट इंग्लंडांत पकडला गेला. तेव्हांपासून परदेशच्या प्रवासांत १०० मिलिलिटरांहून मोठी बाटली हातांतून नेण्यास मनाई झाली. २००९ च्या नाताळच्या दिवशीं ॲम्स्टरडॅमहून डेट्रॉईटला जाणाऱ्या विमानांत एका तरुणानें आंतल्या कपड्यांत दडविलेलें स्फोटक पेटवून पाहिलें. त्यांत धातु नसल्यामुळें धातु शोधणाऱ्या चौकटीला त्याचा पत्ता लागणें शक्यच नव्हतें. एक एक प्रसंग घडावा आणि उतारूचें एक एक वस्त्र उतरावें, असा क्रम सुरू झाला.

डेट्रॉईटच्या प्रसंगानंतर अमेरिकेच्या विमानतळांवर सबंध शरीर न्याहाळणारे स्कॅनर झपाट्यानें बसविण्यांत आले. ते दोन जातींचे होते. एका जातींत सौम्य क्ष-किरण अंगावर पडून परत फिरत. दुसरींत रेडिओच्या लहरींच्याच कुळांतील, परंतु फार आंखूड अशा मिलिमीटर लहरी वापरीत. दोहोंचा परिणाम एकच. कपड्यांखालील शरीराची आकृति निराळ्या खोलींत बसलेल्या तपासनिसाच्या पडद्यावर उमटत असे. लोकांस सांगण्यांत आलें कीं, चित्रें सांठविलीं जात नाहींत, तपासनिसास उतारू समोर दिसत नाहीं, तेव्हां लाजण्याचें कारण नाहीं. परंतु ऑगस्ट २०१० मध्यें असें उघडकीस आलें कीं, फ्लॉरिडा प्रांतांतील ऑर्लँडो येथें एका न्यायालयाच्या दारीं बसविलेल्या अशाच तऱ्हेच्या यंत्रांत सुमारें पस्तीस हजार चित्रें सांठवून ठेवलेलीं होतीं. तें यंत्र विमानतळावरील नव्हतें, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. तथापि ‘आम्ही सांठवीत नाहीं’ आणि ‘आम्हांला सांठवितांच येत नाहीं’ या दोन वाक्यांत केवढें अंतर आहे, तें त्या दिवशीं लोकांस कळलें.

मग मोठा वाद माजला. यंत्रांचे कैवारी म्हणूं लागले कीं, हा ताजवा आहे. एका पारड्यांत अब्रू आहे व दुसऱ्यांत प्राण. प्राण हवा असेल तर अब्रूचें पारडें थोडें वर गेलेंच पाहिजे. ऐकणाऱ्यास हें पटण्यासारखें वाटे. परंतु पुढें काय घडलें तें पाहावें. जुलै २०११ मध्यें वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें निर्णय दिला कीं, यंत्रें बेकायदा नाहींत. मात्र इतकी मोठी गोष्ट लोकांचें म्हणणें मागविल्यावांचून सुरू करावयास नको होती. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत युरोपीय संघानें नियम केले: क्ष-किरणांचे स्कॅनर उतारूंवर वापरूं नयेत, चित्र सांठवूं नये, छापूं नये, आणि ज्या उतारूस यंत्र नको असेल त्याची तपासणी दुसऱ्या रीतीनें करावी. २०१२ मध्यें अमेरिकेच्या कायदेमंडळानें फर्माविलें कीं, यंत्रानें खरें शरीर न दाखवितां सर्वांसाठीं एकच ठोकळ्यासारखी आकृति दाखवावी.

जें आजवर अशक्य म्हणून सांगितलें जात होतें, तें कायद्यानें दटावतांच शक्य झालें! आतां यंत्र स्वतःच लहरींचें गणित करतें, आणि पडद्यावर बाहुल्यासारखी एक रेखाकृति दाखवून जेथें संशय असेल तेथें एक चौकट उमटवितें. मुंबईची गृहिणी असो कीं पॅरिसचा पैलवान असो, बाहुली तीच. तपासनिसानें तेवढीच जागा पाहावयाची. क्ष-किरणांच्या यंत्रांना ही विद्या साधली नाहीं, म्हणून तीं २०१३ मध्यें अमेरिकेच्या विमानतळांवरून काढून टाकण्यांत आलीं. निराळ्या खोलींतील तपासनीस बाहेर येऊन उभा राहिला, कारण पडद्यावर झांकण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं. शोध माणसाचा होता, तो पुनः वस्तूचा झाला. अब्रू राखली म्हणून सुरक्षिततेचें पारडें खालीं आलें नाहीं. दोन्ही पदरांत पडलीं. यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, ताजव्याची उपमाच पुष्कळदां फसवी असते. ‘दोहोंपैकीं एक निवडा’ असें कोणी सांगूं लागला, तर ‘दोन्ही मिळविण्याचा यत्न तुम्हीं केला होता काय?’ असें त्यास आधीं विचारावें.

उलट पक्षीं, अब्रू घालविली म्हणजे सुरक्षितता आपोआप मिळते असेंही नाहीं. डेट्रॉईटच्या त्या तरुणाच्या वडिलांनीं स्वतः नायजेरियांतील अमेरिकन वकिलातींत जाऊन आपल्या मुलाविषयीं आगाऊ सूचना दिली होती. ती सूचना वेळेवर योग्य हातीं पडली नाहीं. चूक दप्तरांत झाली, आणि तिचा दंड मात्र कोट्यवधि निरपराध उतारूंच्या शरीरांवर बसला. पुढें २०१५ सालीं अमेरिकन सरकारच्या निरीक्षकांनीं नकली शस्त्रें व स्फोटकें घेऊन विमानतळांवर गुप्तपणें परीक्षा घेतली, तेव्हां सत्तरपैकीं सदुसष्ट वेळां तीं सांपडलीं नाहींत, असें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें, व त्या खात्याच्या प्रमुखास आपली खुर्ची सोडावी लागली. तपासणी कडक दिसणें निराळें आणि ती डोळस असणें निराळें.

आतां आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. ज्याच्यापाशीं लपविण्यासारखें कांहीं नाहीं त्यानें भ्यावें कशाला? आमचें उत्तर असें कीं, झांकणें आणि लपविणें या दोन गोष्टी एक नव्हेत. घराला दार असतें, तें घरांत चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. आपण पत्र पाकिटांत घालून बंद करितों, तें त्यांत कटाचा मजकूर असतो म्हणून नव्हे. वैद्याला दाखविलेली जखम आपण चव्हाट्यावर दाखवीत नाहीं, आणि त्यामुळें कोणी आपणांस गुन्हेगार म्हणत नाहीं. चोर लपवितो तें भीतीनें. सज्जन झांकतो तें मर्यादेनें. ज्या समाजांत झांकणारा प्रत्येक माणूस चोर ठरतो, त्या समाजांत चोर तर सांपडत नाहींच, पण मर्यादा मात्र नाहींशी होते.

हें आम्हीं पुस्तकांत वाचून शिकलों नाहीं. आमच्या मातोश्रींनीं तें आम्हांस शिकविलें. त्यांचें वय ब्याऐंशीं असून त्यांच्या उजव्या गुडघ्यांत पोलादाचा सांधा बसविलेला आहे. दोन वर्षांपूर्वीं आम्ही त्यांस घेऊन उत्तरेकडे आमच्या भगिनीकडे गेलों. विमानप्रवासाचा त्यांचा तो पहिलाच प्रसंग. जातांना चौकटीखालून जातांच यंत्र ओरडलें. तेथें उभी असलेली तरुण पहारेकरीण पुढें आली, वांकून म्हणाली, “आजी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का? या आंत, बसा खुर्चीवर. मी वरूनच हात लावून बघते, चालेल ना?” तिनें पडदा ओढला. दोन मिनिटांत मातोश्री हंसत बाहेर आल्या. “पोरगी गोड आहे, सातारची आहे म्हणे,” एवढेंच त्या बोलल्या.

परत येतांना दुसऱ्या एका विमानतळावर तेंच यंत्र तसेंच ओरडलें. येथील बाई घाईंत होती, रांग लांब होती. तिनें पडदा अर्धाच ओढला व मातोश्रींस लुगडें गुडघ्यावर घेण्यास मोठ्यानें सांगितलें. मातोश्रींस तिची भाषा नीट कळेना. तेव्हां तिनें तें आणखी मोठ्यानें सांगितलें. रांगेंतील लोक वळून पाहूं लागले. मातोश्रींनीं सांगितलें तसें केलें. विमान वर चढेपर्यंत त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग खिडकीकडे पाहत म्हणाल्या, “झडतीचं कांहीं नाहीं रे. पण त्या बाईनं एकदां तरी माझ्या तोंडाकडं पाहायला हवं होतं.”

मुलामुलींनों, या दोन झडत्यांत सुरक्षिततेच्या दृष्टीनें तिळभर तरी अंतर होतें काय? दोन्ही ठिकाणीं सांधा सांपडला, दोन्ही ठिकाणीं शस्त्र नव्हतें हें सिद्ध झालें. पहिलीनें विचारलें, पडदा ओढला व वेळ सारखाच घेतला. दुसरीनें जें घेतलें, तें सुरक्षिततेच्या कांहींच उपयोगी पडलें नाहीं. आमच्या मातोश्रींपाशीं लपविण्यासारखें कांहीं नव्हतें. झांकण्यासारखें मात्र होतें.

परंतु त्या दुसऱ्या बाईवर सारा राग काढणें अन्यायाचें होईल. आमची एक जुनी विद्यार्थिनी सुरक्षा दलांत नोकरी करते. तिला आम्हीं ही हकीकत सांगितली तेव्हां ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, एका पाळींत शेंकडों बायकांना हात लावावा लागतो. कोणी नमस्कार करत नाहीं. शिव्या मात्र रोज ऐकते. एक जरी वस्तु नजरेंतून सुटली तर नोकरी माझी जाणार, आणि विमानहि जाईल ही भीति वेगळीच.” तिच्या या बोलण्यांत अर्धें उत्तर आहे. जिला माणूस म्हणून कोणी वागवीत नाहीं, तिनें दिवसभर दुसऱ्यांस माणूस म्हणून वागवावें ही अपेक्षा करणें सोपें आहे, पाळणें अवघड आहे. रांग लांब, माणसें थोडीं आणि शिकवण अपुरी असेल, तर दोष केवळ पडद्यापाशीं उभ्या असलेल्या बाईचा नसून तिला तेथें तशी उभी करणाऱ्यांचा आहे. सभ्यपणें झडती घेण्यास यंत्रांइतकाच पैसा माणसांवर खर्च करावा लागतो.

आमच्या मातोश्रींस जें एकदां सोसावें लागलें, तें कित्येकांस प्रत्येक प्रवासांत सोसावें लागतें. प्रसिद्ध नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय अपघातानंतर कापावा लागला, आणि जयपूर पायाच्या आधारावर त्या पुनः रंगमंचावर नाचल्या, हें सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्यें त्यांनीं जाहीरपणें तक्रार केली कीं, विमानतळावर आपणांस प्रत्येक वेळीं कृत्रिम पाय काढून दाखवावयास सांगतात. सुरक्षा दलानें खेद प्रदर्शित केला. त्याच वर्षीं डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंही असें मत दिलें कीं, मानवी प्रतिष्ठा राखण्यासाठीं अपंग व्यक्तीस कृत्रिम अवयव काढावयास सांगूं नये. येथेंही दुसरा मार्ग आहेच. कापडाची लहानशी पट्टी त्या अवयवावरून फिरवून यंत्रांत घातली म्हणजे स्फोटकाचा सूक्ष्म अंशही कळून येतो. जेथें पट्टीनें काम भागतें तेथें पाय कां काढावा?

आणखी एक प्रश्न समतेचा. आपल्या देशांत झडतींतून सूट असलेल्या थोर पदाधिकाऱ्यांची एक यादी आहे, व तींत माजी राष्ट्रपतींचा समावेश आहे. एप्रिल २००९ मध्यें दिल्लीच्या विमानतळावर एका परदेशी विमान कंपनीच्या नोकरांनीं डॉ. अब्दुल कलाम यांची झडती घेतली. तीन महिन्यांनीं गोष्ट बाहेर फुटली तेव्हां देशभर संताप झाला व कंपनीनें क्षमा मागितली. स्वतः डॉ. कलामांनीं मात्र कांहींच तक्रार केली नव्हती. ते इतरांप्रमाणें रांगेंतून गेले होते. त्यांचा मोठेपणा त्यांत आहे. परंतु आम्हांस त्या संतापाविषयीं थोडें बोलावयाचें आहे. माजी राष्ट्रपतींच्या अंगास हात लागला म्हणून ज्यांस इतकें दुःख झालें, त्यांस रोज रांगेंत उभ्या असलेल्या शेतकऱ्याविषयीं, मोलकरणीविषयीं, पगडी वा बुरखा घालणाऱ्याविषयीं तेवढें दुःख होतें काय? झडती अपमानकारक असेल तर ती सर्वांसाठीं सुधारावी. ती अपमानकारक नसेल तर थोरांनींही आनंदानें द्यावी. थोरांना सूट व इतरांना दरडावणी, ही रीत सुरक्षिततेची नव्हे, दरबाराची आहे.

या सर्वांस एक मापदंड हवा, आणि सुदैवानें तो आपल्या न्यायासनानें दिलेला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. मात्र तो अनिर्बंध नाहीं. सरकारास त्यांत हात घालावयाचा असेल तर कायद्याचा आधार हवा, हेतु रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या मानानें बेताचा हवा. वयानें वाढलेल्या, सेवानिवृत्त अशा एका न्यायमूर्तींनीं, के. एस. पुट्टस्वामी यांनीं, हा अर्ज केला होता. ‘उपाय बेताचा हवा’ हें तिसरें कलम विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. ढेंकूण मारण्यासाठीं घर जाळूं नये, असा त्याचा साधा अर्थ.

हाच दंड आतां एका नव्या गोष्टीस लावून पाहण्याची वेळ आली आहे. १ डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळूर व वाराणसी येथें ‘डिजि यात्रा’ नांवाची सोय सुरू झाली. पुढें पुणें, मुंबई इत्यादि ठिकाणींही ती आली. उतारूचा चेहरा हेंच त्याचें ओळखपत्र. कॅमेऱ्यासमोर उभें राहिलें कीं दार उघडतें. माहिती उतारूच्याच फोनमध्यें राहते, विमानतळाकडे गेलेली प्रत चोवीस तासांत पुसली जाते, आणि सारें ऐच्छिक आहे, असें चालक सांगतात. सोय चांगली आहे, वेळ वांचतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हरवलेलें ओळखपत्र नवें मिळतें. चेहरा नवा मिळत नाहीं. म्हणून ऑर्लँडोच्या त्या पस्तीस हजार चित्रांचें स्मरण ठेवून येथें दोन गोष्टींविषयीं दक्ष असावें. ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक असावें. ओळखपत्र दाखविणाऱ्यांची रांग मुद्दाम लांबवून कोणास या दारीं लोटूं नये. आणि पुसतों म्हणणाऱ्यानें खरोखर पुसलें कीं नाहीं, हें तपासणारा कोणी तिऱ्हाईत असावा. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे. तेव्हां पालकांनीं मुलाचा चेहरा कोणत्याही यंत्रास देण्यापूर्वीं, शाळेच्या दाखल्यावर सही करतांना जितकें वाचतां, तितकें तरी वाचावें.

आतां शेवटीं कर्तव्याविषयीं चार शब्द, कारण हक्कांची यादी देऊन थांबणें शिक्षकास शोभत नाहीं. रांगेंत वेळेवर जावें. खिसे आधींच रिकामे करावे. झडती घेणाऱ्यास प्रथम नमस्कार करावा. तो आपला वैरी नसून आपल्याच प्राणांचा राखणदार आहे. बॉम्बचा विनोद चुकूनही करूं नये. तेथें तो विनोद राहत नाहीं. आजीआजोबा बरोबर असतील तर त्यांच्या शरीरांतील सांध्याची वा हृदयांतील यंत्राची गोष्ट आपण पुढें होऊन हळूच सांगावी, व वैद्याचा कागद जवळ ठेवावा. आणि मर्यादेबाहेर कांहीं होत आहे असें वाटलें, तर आवाज न चढवितां “पडदा ओढतां का?” असें विचारावें. हें विचारणें उद्धटपणाचें नाहीं. त्यानें सुरक्षिततेस धक्का लागत नाहीं, हें आम्हीं वर दाखविलें आहे.

तुमच्यांतील कित्येक जण पुढें गणवेश घालतील, कोणी यंत्रें करतील, कोणी कायदे करतील. गणवेश घालणाऱ्यानें हात लावण्यापूर्वीं तोंडाकडे पाहावें. यंत्र करणाऱ्यानें जेवढें पाहण्याची गरज आहे तेवढेंच दाखविणारें यंत्र करावें. कायदा करणाऱ्यानें रांगेंतून स्वतः जाऊन मग कायदा करावा. शोध वस्तूचा घ्यावा, माणसाचा घेऊं नये. पाहावें, पण सांठवूं नये. आणि जें एकास तें सर्वांस असावें. एवढें पाळलें तर विमानही सुखरूप पोंचतें, व आंतील माणूसही माणूस म्हणूनच उतरतो.

आमचा तो दहावीचा वक्ता यंदा शाळा सोडून जात आहे. त्यानें हा लेख वाचावा, आणि कधीं आपल्या आजीला विमानानें घेऊन जाण्याचा योग आला, तर पडद्याबाहेर उभें राहून आपला प्रश्न स्वतःस पुनः एकदां विचारावा. उत्तर त्याचें त्यालाच सांपडेल, अशी आमची खात्री आहे.